ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस: जीनोम एकदा वाचून झाला, तरी पुन्हा पुन्हा का वाचतात?

प्रश्न जीवशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "नवजात बाळांना गाठणाऱ्या ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचा संपूर्ण जीनोम २००२ सालीच वाचून झाला. मग जगभरच्या प्रयोगशाळा अजून तोच जिवाणू सीक्वेन्स का करत बसल्या आहेत? त्यातून नवीन काय हाती लागतं? आणि जीनोम हातात असूनही लस का आली नाही?"

तोच जिवाणू पुन्हा वाचला जातोय, हे गृहीतच आधी तपासून घ्यायला हवं. जिवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएमधली सगळी अक्षरं (ए, टी, जी आणि सी), वाचणं हे माझं रोजचं काम आहे; या वाचण्यालाच सीक्वेन्स करणं म्हणतात, आणि या एका प्रजातीने आमच्या क्षेत्राला जितकं शिकवलं तितकं फार थोड्या जिवाणूंनी शिकवलं असेल. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

ज्यांना हा जिवाणू माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. त्याला जीबीएस म्हणतात. (गुलियन बॅरे सिंड्रोमलाही हीच तीन अक्षरं लावतात, त्याचा इथे काही संबंध नाही.) साधारण १५ टक्के गर्भवतींच्या आतड्यात आणि योनिमार्गात तो निमूट राहत असतो, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. बाळंतपणात तो बाळाकडे जातो. काहीच प्रतिबंध केला नाही तर अशा आयांच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या अंगावर तो सापडतो, पण प्रत्यक्ष आजारी पडतात ती त्यातली शंभरात एखाद-दोन. आजार पहिल्या आठवड्यात आला तर बहुधा रक्तात जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया. सातव्या दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत आला तर त्याला उशिराचा आजार म्हणतात, आणि त्यात मेंदूज्वराचं प्रमाण जास्त असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार वर्षाला जवळपास १ लाख बाळं यात दगावतात आणि ४६ हजारांहून अधिक मृतजन्म होतात.

म्हणजे कोडं असं आहे: इतक्या आयांमध्ये, इतक्या बाळांवर तो बसलेला असतो, मग मोजक्याच बाळांच्या मेंदूपर्यंत का पोचतो? बाळाची प्रतिकारशक्ती, आईकडून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडं, अपुऱ्या दिवसांचा जन्म ही कारणं आहेतच. पण जिवाणूच्या बाजूनेही काही वेगळं असतं का? जीनोम वाचायला बसलं की खरा शोध या वेगळेपणाचा असतो, आणि वेगळेपण एका नमुन्यात कधीच दिसत नाही.

२००२ मध्ये एक नव्हे, दोन जीनोम प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या टीआयजीआर या संस्थेने इटलीच्या सिएनामधल्या लस-संशोधकांसोबत सिरोटाइप ५ चा २६०३व्ही/आर हा स्ट्रेन (प्रजातीतला एक वंश) वाचला: २१,६०,२६७ अक्षरं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने एनईएम३१६ हा सिरोटाइप ३ चा स्ट्रेन वाचला: २२,११,४८५ अक्षरं. सिरोटाइप म्हणजे जिवाणूच्या अंगावरच्या साखरेच्या वेष्टनाचा प्रकार. जीबीएसमध्ये असे दहा प्रकार आहेत. आकड्यांकडे नीट पाहा. एकाच प्रजातीच्या दोन स्ट्रेनमध्ये ५१ हजार अक्षरांचा फरक आहे. जिवाणूचं एक जनुक साधारण हजारभर अक्षरांचं असतं, हे लक्षात घेतलं की हा फरक टायपातल्या चुकांसारखा किरकोळ नाही हे कळतं. शिवाय अमेरिकी गटाने आपला स्ट्रेन मायक्रोअॅरेवर (कोणती जनुकं आहेत, कोणती नाहीत हे एकदम तपासणारी पट्टी) आणखी १९ स्ट्रेनशी ताडून पाहिला, तेव्हा एकाच सिरोटाइपचे दोन स्ट्रेनही आतून बरेच वेगळे निघाले. वेष्टन तेच, आतला माणूस वेगळा.

तीन वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच मंडळींनी आणखी सहा स्ट्रेन वाचले आणि आधीचे दोन धरून आठ जीनोम शेजारी शेजारी मांडले. अपेक्षा अशी होती की चार-पाच जीनोमनंतर नवीन जनुकं मिळणं थांबेल. ते थांबलं नाही. कोणत्याही एका स्ट्रेनची सुमारे ८० टक्के जनुकं आठही स्ट्रेनमध्ये सामाईक होती. उरलेली काहींत होती, काहींत नव्हती, आणि काही तर फक्त एकाच स्ट्रेनमध्ये. प्रत्येक नवा जीनोम सरासरी ३३ नवीन जनुकांची भर घालेल, आणि शेकडो जीनोम वाचले तरी ही भर संपणार नाही, असं त्यांचं गणित सांगत होतं. 'पॅनजीनोम' ही कल्पना याच कामातून रूढ झाली: प्रजातीचा जीनोम म्हणजे सगळ्या स्ट्रेनच्या जनुकांची बेरीज, आणि कुठलाही एक स्ट्रेन त्यातला आपला वाटा घेऊन फिरत असतो. आज कुठल्याही जिवाणूवरच्या लेखात हा शब्द सहज भेटतो. त्याची सुरुवात नवजात बाळांच्या या जिवाणूपासून झाली, हे मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच माहीत असतं.

एवढ्यावर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

उशिराच्या आजारात, विशेषतः मेंदूज्वरात, एक कुटुंब फार ठळकपणे दिसतं. सात ठरावीक जनुकांच्या अक्षरांवरून स्ट्रेनची वंशावळ लावण्याची एक पद्धत आहे. तिच्या क्रमांकानुसार या कुटुंबाला क्लोनल कॉम्प्लेक्स १७ म्हणतात. आम्ही बोलताना नुसतं 'सीसी-१७' म्हणतो. यातले बहुतेक स्ट्रेन सिरोटाइप ३ चे असतात. आता गंमत बघा. पाश्चरने वाचलेला एनईएम३१६ सुद्धा सिरोटाइप ३ चाच, आणि एका प्राणघातक जंतुसंसर्गातून आलेला. पण तो सीसी-१७ चा नाही, वेगळ्याच कुटुंबातला आहे. टीआयजीआरचा स्ट्रेनही सीसी-१७ चा नाही. म्हणजे ज्या कुटुंबाला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, त्याचा एकही सदस्य पहिल्या दोन जीनोममध्ये नव्हता. २००५ च्या आठांत तो आला.

२०१० मध्ये पॅरिसच्या गटाने सीसी-१७ च्या पृष्ठभागावरचं एचव्हीजीए हे प्रथिन दाखवून दिलं. या प्रथिनामुळे जिवाणू आतड्याच्या आणि मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींना जास्त घट्ट चिकटतो आणि रक्त-मेंदू अडसर ओलांडायला त्याला मदत होते. इतर कुटुंबांमध्ये जीनोमच्या त्याच जागी जनुक असतं, पण त्याचं रूप वेगळं. २००२ चा जीनोम घेऊन कोणी आयुष्यभर बसलं असतं तरी त्याला हे रूप दिसलं नसतं. ते त्या कागदावर छापलेलंच नव्हतं.

आता प्रत्यक्ष वाचायचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात 'जीनोम वाचला' हे एकाच क्रियापदात उरकलंय आणि त्यात बऱ्याच गोष्टी लपतात.

पहिली अडचण डीएनए बाहेर काढण्याची. ई. कोलायच्या पेशी फोडणं सोपं. जीबीएस मात्र ग्रॅम-पॉझिटिव्ह, त्याची पेशीभित्तिका जाड. नेहमीचं लायसोझाइम एकटं त्याच्यावर फारसं चालत नाही. मिश्रण तासभर ३७ अंशांवर ठेवलं तरी तसंच दुधाळ राहतं. त्यात म्युटानोलायसिन हे दुसरं एन्झाइम घातलं की हळूहळू द्रव पारदर्शक होऊ लागतो, मग प्रोटिनेज के टाकायचं, आणि पिपेटच्या टोकाला चिकट तार येऊ लागली की पेशी फुटल्या असं समजायचं. घाई असेल तर काचेच्या बारीक मण्यांबरोबर जोरात हलवूनही पेशी फुटतात, पण त्यात डीएनएचे तुकडे होतात. छोटे रीड (यंत्राने एका दमात वाचलेले तुकडे) घ्यायचे असतील तर चालतं. लांब रीड हवे असतील तर ते मणी बाजूला ठेवा.

त्याहून आधीची एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: तुम्ही नक्की काय वाढवलं? बाळाच्या रक्तातून किंवा पाठीच्या पाण्यातून आलेली वाढ बहुधा एकाच स्ट्रेनची असते. आईच्या स्वॅबवरून आलेल्या प्लेटवर मात्र एकापेक्षा जास्त स्ट्रेन असू शकतात, आणि ब्लड अगारवर (जिवाणू वाढवायचं माध्यम) दोन्हींच्या वसाहती सारख्याच दिसतात. एकच वसाहत उचलून सीक्वेन्स केली आणि ती बाळाच्या स्ट्रेनशी जुळली नाही, तर 'बाळाला संसर्ग आईकडून झालेला नाही' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो काढू नका. तीन-चार वसाहती वेगवेगळ्या करा, मग बोला.

मग यंत्र. २००२ मध्ये सँगर पद्धत होती: जीनोमचे हजारो तुकडे ई. कोलायमध्ये क्लोन करायचे, एकेकाची पाच-सातशे अक्षरं वाचायची आणि शेवटी राहिलेल्या फटी हाताने एकेक करून भरायच्या. आज नेहमीचं काम छोट्या रीडवर होतं, साधारण १५० अक्षरांच्या. जीनोम २१ लाख अक्षरांचा, प्रत्येक अक्षर सरासरी शंभरदा वाचायचं म्हटलं तर २१ कोटी अक्षरं, म्हणजे १४ लाख रीड. यंत्राला ही गोष्ट किरकोळ आहे. एका फेरीत डझनावारी जीबीएस सहज बसतात.

एवढं करूनही छोट्या रीडमधून पूर्ण वर्तुळ मिळत नाही, तुकडेच मिळतात. आम्ही त्यांना काँटिग म्हणतो. याचं मुख्य कारण जीबीएसच्या जीनोममधले रायबोसोमल आरएनएच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा भाग) जनुकांचे सात संच. प्रत्येक संच साधारण पाच हजार अक्षरांचा आणि सातही जवळजवळ हुबेहूब. लांबलचक गाण्याची वही फाडून तिचे कपटे केले, तर ध्रुवपदाचे कपटे कुठल्या कडव्यानंतरचे हे सांगता येत नाही. तसंच इथे होतं. १५० अक्षरांचा रीड त्या पाच हजारांच्या आतच संपतो, अलीकडे-पलीकडे काय आहे हे त्याला माहीत नसतं. जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणारे डीएनएचे छोटे तुकडे, इन्सर्शन सीक्वेन्सही, ठिकठिकाणी अशीच अडचण करतात. म्हणून असेंब्ली, म्हणजे रीड जोडून उभा केलेला जीनोम, सात-आठ जागी तुटणं ही चूक मानू नये, ती अपेक्षितच आहे. नॅनोपोअरसारख्या यंत्राचे रीड हजारो अक्षरांचे असतात, ते हे संच सहज ओलांडतात आणि वर्तुळ पूर्ण होतं. त्यांचा दोष वेगळा: एकाच अक्षराची रांग लागली, म्हणजे सलग सात-आठ 'ए' आले, की ते मोजताना यंत्र अडखळायचं. जीबीएसमध्ये जी आणि सी मिळून जेमतेम ३५-३६ टक्के, उरलेलं सगळं ए आणि टी. त्यामुळे अशा रांगा भरपूर. एक 'ए' कमी मोजला गेला की जनुकाची चौकट सरकते आणि धडधाकट जनुक कागदावर मोडकं दिसतं. अलीकडच्या यंत्रांत हे खूप सुधारलंय. तरीही कुणी 'या स्ट्रेनमध्ये अमुक जनुक निकामी झालंय' असं सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, तिथे अक्षरांची रांग आहे का?

जी-सीचं हे प्रमाण आणखी एका कामी येतं. असेंब्ली तयार झाली की मी आधी एकूण लांबी बघतो, मग जी-सी टक्के. लांबी २१ लाखांच्या आसपास आणि जी-सी ३५-३६, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. लांबी अचानक सत्तर लाखांवर गेली आणि काँटिगचे दोन गट पडले, एक ३५ टक्क्यांचा आणि दुसरा ५० च्या पुढचा, तर वाढीत बहुधा ई. कोलाय घुसलेला असतो. हे उघड दिसणारं भेसळीचं प्रकरण. दोन जीबीएस मिसळले तर एकूण लांबी थोडीच वाढते, जी-सी तसंच राहतं. तेव्हा एकाच जागी निम्मे रीड 'ए' म्हणतात आणि निम्मे 'जी', आणि अशा जागा हजारोंनी निघतात. जिवाणूला जीनोमची एकच प्रत असते, त्यामुळे असा दुमत असलेला नमुना सरळ बाजूला काढायचा.

पुढचं वर्गीकरण आता बरंचसं संगणकावरच होतं. सिरोटाइप पूर्वी प्रतिपिंडांच्या गुठळी-चाचणीने ठरायचा, आता वेष्टन बनवणाऱ्या जनुकांच्या रांगेवरून ठरतो. सिरोटाइप १ए आणि ३ यांच्या रांगा जवळजवळ सारख्या. फरक मुख्यतः सीपीएस-एच या एका जनुकात. नेमक्या तिथे असेंब्ली तुटली असेल तर अहवालात 'ठरवता येत नाही' असं लिहावं, अंदाज छापू नये.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. खूप जीनोम जमले की काय दिसतं?

२०१४ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट आणि तिच्या सहकाऱ्यांनी जगभरातून, वेगवेगळ्या काळात गोळा केलेल्या २२९ स्ट्रेनचे जीनोम एकत्र मांडले. एक विचित्र गोष्ट आधीपासून माहीत होती: माणसांमधले नव्वद टक्क्यांहून जास्त जीबीएस टेट्रासायक्लिनला दाद देत नाहीत. बाळांच्या या आजारावर टेट्रासायक्लिन कोणी देत नाही, मग हा प्रतिकार आला कुठून आणि टिकला कसा? वंशवृक्ष काढल्यावर दिसलं की माणसांतले बहुतेक स्ट्रेन मोजक्या काही कुटुंबांतले आहेत, आणि प्रत्येक कुटुंबाच्या बुडाशी टेट-एम हे प्रतिकाराचं जनुक एकदाच शिरल्याची खूण आहे. ते शिरल्यानंतर त्या कुटुंबाचा विस्तार झाला. काळाचा हिशोब मांडला तर हा विस्तार विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा निघतो. टेट्रासायक्लिन गटातली औषधं १९४८ पासून वापरात आली. नवजात बाळांमध्ये जीबीएस हा मोठा प्रश्न म्हणून पुढे आला तो १९६० आणि १९७० च्या दशकांत. म्हणजे भलत्याच आजारांसाठी सर्रास दिल्या गेलेल्या औषधाने आतड्यांमधला जीबीएसचा जुना, वैविध्याचा समाज झाडून काढला आणि त्या मोकळ्या जागी काही निवडक कुटुंबं पसरली. त्यांतली काही नेमकी बाळांवर हल्ला करण्यात तरबेज होती.

याचा पुरावा एका जीनोममध्ये नाही. २२९ मध्ये आहे, आणि तोही जुने स्ट्रेन कुणीतरी दशकानुदशकं फ्रीझरमध्ये जपून ठेवले म्हणून. जुन्या नमुन्यांच्या पेट्या फेकून जागा करायला निघालेल्या प्रत्येक विभागप्रमुखाला मी ही गोष्ट ऐकवतो.

दुसरी गोष्ट २००८ मधली, तीही पॅरिसचीच. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जीबीएसमध्ये देवाणघेवाण किती मोठी असते याचा अंदाज नव्हता. जीनोम ताडून पाहिल्यावर दिसलं की संयुग्मनातून, म्हणजे दोन पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन, एका स्ट्रेनच्या गुणसूत्राचा अखंड पट्टा दुसऱ्यात जाऊन त्याच जागी बसतो, आणि हा पट्टा तीन लाखांहून जास्त अक्षरांचा असू शकतो. २१ लाखांतले तीन लाख! अशा पट्ट्यात वेष्टनाची जनुकं आली तर स्ट्रेनचा सिरोटाइप एका झटक्यात बदलतो. सीसी-१७ चे काही स्ट्रेन आता सिरोटाइप ४ चं वेष्टन घालून सापडतात, ते अशाच अदलाबदलीतून. नुसती प्रतिपिंडांची चाचणी करणाऱ्याला ते सिरोटाइप ४ चे साधे स्ट्रेन वाटतील. जीनोम बघणाऱ्याला आतला सीसी-१७ दिसतो.

यातून रुग्णालयाला काय मिळतं, हेही विचाराल. समजा नवजात अतिदक्षता विभागात काही आठवड्यांच्या अंतराने दोन बाळांना उशिराचा जीबीएस झाला. दोन्ही सिरोटाइप ३, दोन्ही सीसी-१७. आधीच्या पद्धतीने इथेच गाडी थांबायची, कारण सीसी-१७ इतका सर्वत्र आहे की हा योगायोगही असू शकतो. संपूर्ण जीनोम असेल तर एकेक अक्षर ताडता येतं. जीबीएसच्या जीनोममध्ये वर्षाला साधारण एक-दोन अक्षरं बदलतात. दोन स्ट्रेनमध्ये शून्य किंवा एक अक्षराचा फरक आला, तर ते अगदी अलीकडे एका मुळापासून फुटलेत आणि विभागात हात धुण्यापासून दूध हाताळण्यापर्यंत सगळं तपासायला घ्यावं. ऐंशी अक्षरांचा फरक आला, तर या दोन बाळांचा आपसात संबंध नाही. अधलामधला आकडा आला, म्हणजे पाच-दहा, तर नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नये. कोणतं बाळ कधी कुठल्या खाटेवर होतं, ते कागद मागवावेत. आणि तुलनेआधी अदलाबदलीचे पट्टे वगळावेत, नाहीतर एकाच घटनेत आलेली शंभर अक्षरं शंभर वेगळ्या बदलांसारखी मोजली जातात.

प्रतिजैविकांचा भागही याच डेटामधून निघतो. पेनिसिलिन अजूनही जीबीएसवर उत्तम चालतं, म्हणून बाळंतपणाच्या वेळी आईला शिरेतून तेच देतात. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हा उपाय पद्धतशीरपणे राबवल्यावर पहिल्या आठवड्यातला आजार हजार जन्मांमागे जवळपास १.८ वरून ०.३ च्या खाली आला. उशिराचा आजार मात्र जवळजवळ तसाच राहिला. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या आईला क्लिंडामायसिन द्यायचं तर त्या औषधाला प्रतिकार देणारी ईआरएम गटातली जनुकं आहेत का हे पाहावं लागतं, आणि ती आता बऱ्याच स्ट्रेनमध्ये असतात. पेनिसिलिनच्या बाबतीत नजर पीबीपी२एक्स या जनुकावर (त्याच्या प्रथिनावर पेनिसिलिन काम करतं) ठेवायची. जपानमध्ये त्यात बदल होऊन पेनिसिलिनचा परिणाम कमी झालेले स्ट्रेन २००८ मध्ये नोंदवले गेले. ते मोठ्या माणसांतले आणि मोजके होते, पण एकच औषध हाताशी असताना अशा बदलांची वाट पाहत बसणं शहाणपणाचं नाही. नियमित सीक्वेन्सिंगमागचं हे एक ठोस कारण.

आता लस.

सिएनाच्या गटाने २००५ मध्ये आठ जीनोममधून पृष्ठभागावर असू शकतील अशी प्रथिनं संगणकावर निवडली, त्यातली ३१२ प्रत्यक्ष बनवली आणि उंदरांवर लस म्हणून तपासली. संरक्षण दिलं फक्त चार प्रथिनांनी. चारपैकी एकच सगळ्या स्ट्रेनमध्ये सामाईक होतं. उरलेली तीन काहींत असतात, काहींत नसतात. एकच जीनोम हाताशी असता तर यातली काही प्रथिनं यादीतच आली नसती, आणि जी आली असती ती सगळीकडे असतील असा गैरसमज झाला असता. चारही एकत्र दिल्यावर उंदरांमध्ये सगळ्या प्रचलित सिरोटाइपविरुद्ध चांगलं संरक्षण मिळालं. जीनोमवरून उलट्या दिशेने लस शोधण्याची हीच पद्धत मेनिंगोकॉकस बी साठी यशस्वी झाली आणि ती लस २०१३ मध्ये युरोपात मंजूरही झाली. जीबीएसची तशी लस अजून बाजारात नाही.

का नाही, याची कारणं जीनोमबाहेरची आहेत. लस बाळाला टोचून उपयोग नाही, कारण आजार बरेचदा पहिल्या तासांतच येतो. ती गर्भवतीला द्यायची, तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायची, मग ती नाळेतून बाळाकडे जायची. गर्भवतींवरच्या चाचण्यांना खूप सावधगिरी लागते. शिवाय आजार इतका विरळ आहे की लसीमुळे तो कमी झाला हे थेट दाखवायला प्रचंड मोठी चाचणी हवी. त्यामुळे आता भर आहे तो बाळाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मोजून त्यावरून संरक्षणाचा अंदाज बांधण्यावर. सध्या पुढे असलेल्या दोन वाटा वेगवेगळ्या आहेत. फायझरची जीबीएस६ ही वेष्टनाच्या साखरेवर आधारलेली, सहा सिरोटाइपची लस (१ए, १बी, २, ३, ४ आणि ५). दक्षिण आफ्रिकेतल्या गर्भवतींवरच्या तिच्या दुसऱ्या टप्प्याचे निकाल २०२३ मध्ये आले. मिनर्व्हॅक्स या डॅनिश कंपनीची लस पृष्ठभागावरच्या अल्फा गटातल्या प्रथिनांवर आधारलेली आहे.

या दोन्ही लसींना जीनोमच्या पाळतीची गरज आहे, फक्त प्रश्न वेगळे. साखरेच्या लसीबाबत विचारायचं: लसीत असलेले सहा सिरोटाइप सोडून सीसी-१७ ने एखादं सातवं वेष्टन तर चढवलं नाही? प्रथिनांच्या लसीबाबत: ते जनुक त्या भागातल्या किती स्ट्रेनमध्ये आहे आणि त्याचं कुठलं रूप आहे? ही उत्तरं लस येण्याआधीच्या काळातली हवीत. लस सुरू झाल्यावर गोळा करायला बसलात तर तुलनेला आधीचं काहीच उरत नाही. म्हणून आजारी बाळांचेच नव्हे, निरोगी आयांमधले स्ट्रेनही वाचून ठेवायला हवेत. तो भाग सगळीकडेच लंगडा आहे: जमा झालेल्या जीनोममध्ये आजाराचे नमुने भरपूर आणि नुसत्या वास्तव्याचे कमी, श्रीमंत देशांचे भरपूर आणि ज्या देशांत बाळं जास्त मरतात तिथले कमी.

तुम्हाला स्वतः हात घालून बघायचं असेल, तर एनईएम३१६, २६०३व्ही/आर आणि सीसी-१७ मधला सीओएच१ हे तीन जीनोम सार्वजनिक संग्रहातून उतरवून घ्या आणि एकमेकांवर जुळवा. आधी वेष्टनाच्या जनुकांची रांग शोधा, मग एचव्हीजीएची जागा, मग टेट-एम कशाच्या शेजारी बसलंय ते. अॅनोटेशनवर, म्हणजे जनुकांना लावलेल्या नावा-कामाच्या शिक्क्यांवर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'कार्य अज्ञात' असा शिक्का असलेली जनुकं तिथे शेकड्यांनी सापडतील.